तारेतला कागद

त्या दिवशी काकूंनी मला ‘तुम्ही’ म्हटलं.

२०१५ पासून मी त्यांच्या घरात राहते. कोथरूडमधला जुना बंगला. खाली काकू एकट्या, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्याकडे. करार लिव्ह अँड लायसन्सचा, दर अकरा महिन्यांनी नव्याने नोंदवायचा. मी शाळेत शिकवते म्हणून सुरुवातीला त्या मला ‘मॅडम’ म्हणत. पहिल्या पावसाळ्यात माझ्या गच्चीतलं पाणी त्यांच्या देवघरात उतरलं आणि आम्ही दोघींनी मिळून रात्रभर बादल्या लावल्या. तेव्हापासून ‘अगं’ आणि ‘तू’. सहा वर्षांत त्यात खंड पडला नव्हता.

आणि जून २०२१ मधल्या एका दुपारी त्यांचा फोन आला. “तुमचं एप्रिलचं भाडं जमा झालेलं दिसत नाही. तेवढं बघून घ्याल का?”

मी ऑनलाइन तास संपवून नुकतीच उठले होते. म्हटलं, “दिलंय काकू. तीन तारखेलाच दिलंय. माझ्याकडे पुरावा आहे.”

“पासबुकात नाहीये हो.”

त्या ‘हो’नेच मला जास्त लागलं. ‘नाहीये गं’ म्हणाल्या असत्या, तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. पुढचं सगळं मी केलं.

भाडं साडेचौदा हजार. दर महिन्याच्या तीन तारखेला मी ते मोबाइलवरून एनईएफटीने काकूंच्या खात्यात पाठवते. फोन ठेवल्याबरोबर मी बँकेच्या अॅपमध्ये गेले, एप्रिलचे व्यवहार काढले, ३ एप्रिलची नोंद शोधली. चौदा हजार पाचशे वजा, पुढे काकूंचं नाव, खाली व्यवहाराचा क्रमांक. तेवढ्या ओळीचा स्क्रीनशॉट काढला, वरचं-खालचं कापलं आणि काकूंना पाठवला. सोबत एकच वाक्य: “हे पाहा.”

संध्याकाळी उत्तर आलं, पण काकूंचं नाही. त्यांच्या नाशिकच्या पुतण्याचं. स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतं, पासबुकात आहे तेच खरं, रक्कम अनामतीतून वळती करून घेऊ, आणि ऑगस्टमध्ये करार संपतोच आहे, तेव्हा पुढचं काय ते ठरवू.

त्या रात्री अकरा वाजता मी काकूंना जो मेसेज लिहिला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसलेला नाही. लांबलचक आहे. त्यात मी लिहिलं की सहा वर्षांत एकदाही भाडं चुकवलेलं नाही. लिहिलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २६ प्रमाणे पैसे घेतले की घरमालकाने लेखी पावती द्यायची असते, आणि तुम्ही एकदाही दिलेली नाही. (माझा करार लिव्ह अँड लायसन्सचा, तेव्हा ते कलम मला कितपत लागू होतं हा वेगळा प्रश्न. रागात माणूस कलमाचा आकडा बघतो, कलम वाचत नाही.) शेवटी लिहिलं: “एकदा मिळालेले पैसे पुन्हा मागणं याला काय म्हणतात, ते मला लिहायला लावू नका.”

मेसेज पाठवला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या कोपऱ्यात, उपडे घातलेले, स्टीलचे दोन डबे होते. माझे नव्हेत. झाकणावर काकांचं नाव कोरलेलं, खाली साल १९७८. मी दिवा बंद केला.

ते डबे एप्रिलमधले.

३ एप्रिल २०२१ हा शनिवार होता. त्याच दिवसापासून पुण्यात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी लागली होती. बाबांना तीन दिवस ताप होता आणि त्या संध्याकाळी ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला. रुग्णवाहिकेची वाट बघत मी दारात बसले होते. हातात फोन होता, तारीख तीन होती, म्हणून सवयीने भाडं पाठवलं. ‘आपल्या खात्यातून १४,५०० रुपये वजा’ असा संदेश आला, तो वाचला आणि मग गाडी आली.

त्यानंतरचे सतरा दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. रुग्णालयाने पहिल्याच रात्री भरायला सांगितलेली रक्कम. दादाने पाठवलेले पंचवीस हजार. मावशीने पाठवलेले. शाळेतल्या मैत्रिणींनी न सांगता पाठवलेले, कुणी पाच, कुणी तीन. फोन सारखा वाजे, ‘जमा’, ‘वजा’, ‘जमा’, आणि मी शिल्लक किती राहिली एवढंच बघे. उशिरा घरी यायचे तेव्हा दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली असायची. तिच्यात डबा, डब्यात मऊ भात आणि मुगाचं वरण. काकू वर येऊ शकत नव्हत्या, मी खाली जाऊ शकत नव्हते. सकाळी मी धुतलेला डबा जिन्याच्या पायरीवर ठेवत असे. शेवटचे दोन द्यायचे राहून गेले.

बाबा घरी आले २० एप्रिलला. आणि जूनमध्ये, या भांडणाच्या वेळी, ते खिडकीपाशी खुर्चीत बसून पेपर वाचण्याइतके बरे झाले होते. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपतं?

“भाड्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. अगदी मीठमसाला लावून सांगितलं म्हणा ना. मला वाटलं होतं, बाबा माझ्या बाजूने पेटून उठतील. कारण घरमालक या माणसाशी कसं लढायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

आम्ही पूर्वी पेठेतल्या एका वाड्यात भाडेकरू होतो. मालकाला वाडा रिकामा करून हवा होता. त्यासाठी त्याने साधा उपाय काढला होता: भाडं घ्यायचंच नाही. तेव्हा १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू होता. त्याचं कलम १२ सांगे की भाडेकरू जोवर भाडं देतो आहे किंवा द्यायला राजी आहे, तोवर त्याला बाहेर काढता येणार नाही. पण सहा महिन्यांची थकबाकी झाली आणि नोटीस मिळाल्यावर महिन्याभरात ती फेडली नाही, तर मात्र भाडेकरूची बाजू पार कोसळे. म्हणून मालक भाडं नाकारत होता. आणि म्हणून बाबा दर महिन्याला मनीऑर्डर करत होते.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली संदेशासाठी थोडी जागा असायची. त्यात बाबा सुवाच्य अक्षरात लिहीत, “अमुक महिन्याचे भाडे”. मालक घ्यायचा नाही. पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पैसे परत आणायचा. पैसे परत मिळत, कमिशन मिळत नसे. बाबा ते नाकारलेले पैसे एका पाकिटात ठेवत, आणि पोस्टाची पावती व शेऱ्याचा कागद तारेत ओवत. तार म्हणजे खाली लाकडी चकती, वर आकडा, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. किराणा दुकानात बिलं ओवायला असते तशीच. माझं लहानपण त्या तारेखाली गेलं. आमचं घर त्या तारेला लटकलेलं आहे, हे मला बाराखडीच्या आधी कळत होतं. मालकाचा दावा शिवाजीनगरच्या कोर्टात काही वर्षं चालला आणि १९९३ साली फेटाळला गेला. आमचं घर राहिलं.

यातून मी एकच गोष्ट उचलली होती: घरमालक हा समोरच्या बाजूचा माणूस असतो, आणि आपल्या हातात कागद हवा.

बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ती तार काढ बघू माळ्यावरून.”

वाडा पडला, आई-बाबा साताऱ्याला गेले, आई गेली, बाबा माझ्याकडे आले. दर वेळी सामान कमी होत गेलं, पण तार आली होती. कागद पिवळे पडून एकमेकांना चिकटले होते. बाबांनी आकड्याकडून एकेक कागद सुटा करत खाली जायला सुरुवात केली. घाई नव्हतीच त्यांना. मधोमध एका ठिकाणी थांबले आणि मला म्हणाले, “वाच.”

तो पोस्टाचा कागद नव्हता. कॅलेंडरच्या पानाचा फाडलेला कोपरा होता. त्यावर बाबांचं अक्षर: “ऑगस्ट १९८७. या महिन्याचे भाडे पाठविले नाही. सप्टेंबरात दोन्ही महिन्यांचे एकत्र पाठविले.” खाली सही आणि तारीख.

ऑगस्ट १९८७ मध्ये माझा जन्म झाला. आई आठ दिवस दवाखान्यात होती.

“वकील म्हणाले होते, हा तुकडा काढून टाका,” बाबा म्हणाले. “विचारलं तर पावती गहाळ झाली म्हणून सांगू. मी नाही म्हटलं. पुढे उलटतपासणीत त्यांच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं: ऑगस्टची पावती कुठे आहे? मी तारेतून हा कागद काढून दाखवला. म्हटलं, ऑगस्टमध्ये पाठवलं नव्हतं. त्यानंतर त्याने बाकीच्या पावत्यांपैकी एकीवरही शंका घेतली नाही.”

मी तो कोपरा हातात धरून बसले. कॅलेंडरच्या जाड कागदावर तारेने पाडलेलं भोक गंजाने तांबूस झालं होतं. इतकी वर्षं मी तारेकडे बघत आले होते, आणि तिच्यात आमच्या विरुद्धचाही एक कागद ओवलेला आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

“तू काकूंना काय पाठवलंस?”

मी स्क्रीनशॉट दाखवला. बाबांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला. “ही एकच ओळ? वर काय आहे? खाली काय आहे?”

“त्याचा काय संबंध?”

“मला अख्खा महिना हवाय. कागदावर.”

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी एप्रिलचं स्टेटमेंट छापून आणलं. पाच पानं झाली. बाबांनी लाकडी पट्टी मागितली, पहिल्या पानावर ठेवली आणि शाळेतल्या मुलाची वही तपासावी तशी ती एकेक ओळ खाली सरकवत गेले. ३ तारखेला वजा चौदा हजार पाचशे. मी म्हटलं, “बघा.” त्यांनी मान हलवली आणि पट्टी पुढे सरकवली.

“हे पंचवीस हजार जमा कोणाचे?”

“दादाचे.”

“हे दहा?”

“मावशीचे.”

“हे पाच, हे पाच, हे तीन?”

“शाळेतल्या मैत्रिणींचे.” मी नावं सांगितली.

“आणि हे साडेचौदा?”

४ एप्रिल. जमा, चौदा हजार पाचशे. पुढे इंग्रजीत बँकेचा तुटक मजकूर. एक ‘आरटीएन’, मग तोच लांबलचक क्रमांक, जो मी कापून काकूंना पाठवलेल्या ओळीत होता.

आरटीएन म्हणजे रिटर्न. परत.

मी तो क्रमांक दोन वेळा एकेक अंक करून जुळवला. मग तिसऱ्यांदा बाबांनी मोठ्याने वाचला आणि मी जुळवला.

झालं होतं असं. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांचं एकत्रीकरण होऊन त्यांच्या चार झाल्या. खातेदारांचे जुने पत्ते, म्हणजे शाखांचे आयएफएससी कोड, काही काळ चालू ठेवले होते. या कोडची अकरा अक्षरं असतात: पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. बँकच दुसऱ्या बँकेत गेली, तर पहिली चार अक्षरं बदलणारच. विलीन झालेल्या काही बँकांचे जुने कोड ३१ मार्च २०२१ पर्यंतच चालले. काकूंची बँक त्यांतली. मी पैसे पाठवले ३ एप्रिलला, जुन्याच कोडवर. एनईएफटीत पैसे समोरच्या खात्यात जमा होऊ शकले नाहीत तर ते पाठवणाऱ्याला परत करायचे, असा नियम आहे. तसे ते परत आले होते. माझ्याच खात्यात. दुसऱ्याच दिवशी.

आणि १ मे रोजी काकूंनी मला फोन करून सांगितलं होतं, “अगं, माझ्या बँकेचा कोड बदललाय, नवा लिहून घे.” मी लिहून घेतला होता. मेचं आणि जूनचं भाडं नव्या कोडवर बिनबोभाट पोचलं. मग एप्रिलचं कुठल्या कोडवर गेलं, हा प्रश्न मला पडला नाही. ते साडेचौदा हजार मी केव्हाच खर्च केले होते, औषधांवर, दादाचे किंवा मावशीचे समजून.

“मी पैसे टाकते त्यांना आत्ताच,” मी फोन उचलला. “आणि मेसेज करते.”

“पैसे टाक,” बाबा म्हणाले. “मेसेज नको. भांडलीस ते लिहून. चुकलं ते तोंडाने सांग. आणि ही पाचही पानं ने. एक पान नको.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता, २७ जून, संकष्टी. सकाळी दहाला मी खाली गेले. हातात पाच पानं, पिशवीत दोन डबे. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “या.”

बैठकीच्या खोलीत टीपॉयवर त्यांचं पासबुक तयार होतं. त्यांना वाटलं असावं, मी भांडायला आले आहे. मी पासबुक उघडून मांडलं, त्याच्या शेजारी माझं दुसरं पान ठेवलं आणि बोट ठेवून दाखवलं: इथून गेले, तुमच्याकडे आले नाहीत, इथे परत आले. तुमचं पासबुक बरोबर आहे.

काकूंनी भिंग आणलं. बँकेचे कागद त्या नेहमीच भिंगाने वाचतात. बराच वेळ दोन्ही कागदांवरून भिंग फिरवत राहिल्या. मी मध्येच म्हटलं, “काकू, ते रात्री जे लिहिलं मी...”

“थांब, वाचू दे मला,” त्या म्हणाल्या.

मी थांबले. ‘थांब’ म्हणाल्या होत्या त्या.

वाचून झाल्यावर भिंग मिटवून त्यांनी बाजूला ठेवलं. “मला एप्रिलमध्येच कळलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “दर महिन्याला तीन-चार तारखेला मला बँकेचा मेसेज येतो. एप्रिलमध्ये नाही आला. म्हटलं, पोरीचा बाप व्हेंटिलेटरवर जायची वेळ आलीय, आणि मी भाडं विचारू? मग मेमध्ये म्हटलं, ती सावरली की देईल. तू काही बोलली नाहीस. जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर यंत्रावर जाऊन पासबुक भरून आणलं, तर खरंच नव्हतं. तरी आठ दिवस विचारलं नाही. मग पुतण्या म्हणाला, काकू, अशाने लोक गैरफायदा घेतात. त्याच्यासमोरच तुला फोन केला, म्हणून ते ‘तुम्ही’ झालं. मला माझंच कानाला कसंतरी लागलं.”

यावर काय बोलायचं होतं मी? दोन महिने त्यांनी माझी चूक पदरात धरून ठेवली होती, माझ्या बाबांच्या आजारपणापायी. आणि मी त्यांना दोन मिनिटंही दिली नव्हती. मी म्हटलं, “माझं चुकलं. तुम्ही खोटं बोलताय असं मी लिहिलं. आणि बघितलं नव्हतं मी. अर्धंच बघितलं होतं.”

“पाठवलेस हे तर खरंच होतं की.”

“पोचले की नाही, ते मी बघायला हवं होतं.”

त्यांनी मान डोलावली. “ते मात्र खरं.” उगाच ‘असू दे, असू दे’ म्हणाल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. चूक मान्य करणाऱ्याला ती चूक होती असं समोरच्याने म्हणणं, यातही एक मान असतो.

मग त्यांनी माझ्यादेखत नाशिकला फोन लावला. “एप्रिलचं भाडं मिळालं. तिचे पैसे बँकेतून परत गेले होते. कागद बघितलेत मी. अनामतीला हात लावायचा नाही, आणि ऑगस्टमध्ये करार नवा करायचाय.” पलीकडून काहीतरी लांबण लागली. काकू म्हणाल्या, “अरे, तुझं चुकलं नाही, तू तिकडे. इथे दोघी एकाच जिन्यावर राहतो, आणि मोबाइलवर बोलत होतो, ते चुकलं.”

फोन ठेवून त्या आत गेल्या आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या बश्या घेऊन आल्या. एक माझ्यासाठी, एक झाकून बाबांसाठी. मी पिशवीतले डबे काढून दिले. त्यांनी झाकणावरचं नाव पदराने पुसलं, सवयीने, आणि फळीवर ठेवले.

“पावतीचं लिहिलं होतंस ना तू,” मी उठताना त्या म्हणाल्या, “ते मात्र बरोबर होतं. हे असते, तर एप्रिलमध्येच पावती फाडली असती, आणि पावती फाडताना पैसे आलेत का ते आधी बघितलं असतं. मी आळस केला.” कपाटाच्या खणातून त्यांनी काकांचं पावतीपुस्तक काढलं. कोरं होतं. दोन-दोन पानं, मध्ये निळा कार्बन. वरचं पान फाडून द्यायचं, खालची स्थळप्रत पुस्तकात राहायची.

बाबांना हळूहळू जिना उतरवून मी खाली आणलं. घरी आल्यापासून पहिल्यांदा ते उतरले. काकूंनी त्यांना खुर्ची दिली, “बरे आहात ना आता?” म्हणून विचारलं आणि पेन उघडलं. मी पासबुक आणि स्टेटमेंट वाचून दाखवलं, काकूंनी पावती क्रमांक एक लिहिली: एप्रिल २०२१, रुपये चौदा हजार पाचशे, अक्षरी तेवढेच.

तारखेच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. “तीन एप्रिल घालू का? हिने पाठवले होते त्या दिवशीच.”

“नको,” बाबा म्हणाले. “आजची घाला.”

ती पावती आता आमच्या स्वयंपाकघरात, खिळ्याला अडकवलेल्या तारेत आहे. खाली ‘आरटीएन’ची ओळ असलेलं स्टेटमेंटचं दुसरं पान, त्यावर ती पावती, आणि त्यावर जुलै २०२१ पासूनच्या सगळ्या. एप्रिलच्या पावतीवर तारीख २७ जूनची आहे.